साडेसातीचं गणित कळतं ना? मग खगोलशास्त्र घ्या

खगोलशास्त्राचा कोर्स घेतेय म्हटलं की इंदुरात दोन प्रश्न ठरलेले. "म्हणजे आता पत्रिका बघणार का?" आणि "बी.कॉम. करून हे कशाला?" पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. दुसऱ्याला उत्तर देणं मी सोडून दिलंय. पण कॉमर्स किंवा आर्ट्सला असून ज्यांच्या मनात हे घोळतंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत इतिहास, कायदा, व्यवस्थापन शिकणाऱ्यांनाही पदवीसाठी बहुधा एखादा विज्ञानाचा विषय घ्यावाच लागतो. त्यातला लोकप्रिय विषय म्हणजे प्राथमिक खगोलशास्त्र. तिथे त्याला बोलीत 'ॲस्ट्रो १०१' म्हणतात. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची सोय झाली आणि मध्य प्रदेशात ती २०२१-२२ पासून लागूही झाली. पण सोय कागदावर असणं वेगळं आणि तो विषय शिकवणारं कुणी कॉलेजात असणं वेगळं. म्हणून मी ऑनलाइनची वाट धरली. कोर्सेरावर ॲरिझोना विद्यापीठाच्या ख्रिस इम्पी यांचा कोर्स आणि सोबत ओपनस्टॅक्सचं 'ॲस्ट्रॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक. हे पुस्तक २०१६ साली आलं, तीस प्रकरणांचं आहे आणि पूर्ण फुकट डाउनलोड होतं. एकच गोष्ट करायची असेल तर कोर्स राहू द्या, हे पुस्तक उतरवून घ्या.

क्रेडिट हवे असतील तर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स पाहा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. मात्र नाव घालण्याआधी कॉलेजकडून लेखी होकार घ्या. "हो हो, चालेल ना" या तोंडी आश्वासनावर परीक्षेची फी भरू नका.

आता सगळ्यांची खरी धास्ती: गणित. तर लागतं ते दहावीचं. वर्ग, घन, वर्गमूळ, गुणोत्तर. कलनशास्त्राचं नावही निघत नाही. उदाहरणच घ्या. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट आहे ते घ्या, त्याचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा. आली त्याच्या प्रदक्षिणेची वर्षं. शनीचं अंतर ९.५४ पट. घन होतो सुमारे ८६८, वर्गमूळ सुमारे साडेएकोणतीस. आता साडेएकोणतीस वर्षांना बारा राशींनी भागा, एका राशीला जवळजवळ अडीच वर्षं येतात. अशा तीन राशी म्हणजे साडेसात. ज्या साडेसातीपायी घरोघरी शनिवारी तेल वाहिलं जातं, तिचा आकडा कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात निघतो. (फळाचं मी काही बोलत नाही, आकड्याचं बोलतेय.) गुरूचं अंतर ५.२ पट, तेव्हा ११.८६ वर्षं, म्हणूनच गुरू सिंह राशीत असताना भरणारा उज्जैनचा सिंहस्थ २००४, २०१६ आणि आता २०२८ असा बारा वर्षांनी येतो. बारा आणि ११.८६ मधली फट साठत साठत गेली की काय होईल, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते. सोडवून पाहण्यासारखा आहे.

मोठ्या आकड्यांना कॉमर्सवाल्यांनी तर बिलकुल घाबरू नये. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. अर्थसंकल्पातले आकडे याच मापात वाचतो की आपण! दहाचा बारावा घात म्हणजे लाख कोटी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी भीती जाते.

अडतं ते दुसरीकडेच. डोक्यात चित्र फिरवता यावं लागतं. आपण उभे आहोत त्या जमिनीवरून चंद्र-सूर्य दिसतात कसे आणि वरून पाहिलं तर ते असतात कसे, या दोन चित्रांची सांगड घालता आली पाहिजे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असं शिकलेली माणसंही बिनधास्त सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण रजईत असतो तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

इथे आपल्या घरातलं भांडवल कामी येतं. आमच्या आजीची संकष्टी. साडेआठ वाजले की हाक यायची, "अगं, गच्चीवर जाऊन बघ, चंद्र निघाला का!" तो नेमका तेव्हाच का निघतो? एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकणं. पौर्णिमेला दोघांत १८० अंशांचं अंतर, म्हणून सूर्य मावळताना चंद्र समोर उगवतो. वद्य चतुर्थीला तो त्याहून आणखी ३६ ते ४८ अंश पुढे गेलेला असतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा सूर्यास्तानंतर साधारण अडीच-तीन तास थांबणं आलं. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. दिनदर्शिकेत मुंबईची वेळ पाहत असाल, तर इंदूर तीन अंश पूर्वेला असल्याने इथे चंद्र साधारण बारा मिनिटं आधी उगवायला हवा. अक्षांशामुळे त्यात थोडा फरक पडतो. हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच ताटकळले?"

कोर्सच्या चाचणीत प्रश्न असतो: चंद्र मध्यरात्री उगवतोय, तर तो किती उजळलेला दिसेल? ज्यांच्या घरी गोकुळाष्टमीचा उपास असतो त्यांनी याचं उत्तर पाठ करायची गरज नाही. वद्य अष्टमी, अर्धा चंद्र.

तरीही चित्र बसत नसेल तर खोलीत अंधार करा, समोर एक दिवा ठेवा आणि हात लांब करून बेसनाचा लाडू धरा. दिव्याकडे तोंड करून उभं राहा आणि हळूहळू डावीकडे वळत स्वतःभोवती फिरा. तुमचं डोकं पृथ्वी, लाडू चंद्र. आधी लाडवाची उजवी कड उजळते, पाव फेरीला तो अर्धा होतो, दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण. लाडू डोक्यापेक्षा थोडा वर धरा, नाहीतर दर पौर्णिमेला ग्रहण लागेल.

आणि उज्जैन. इंदूरहून जेमतेम ५५ किलोमीटर. महाकालला सगळेच जातात, जिवाजी वेधशाळेत फार थोडे वळतात. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी ती बांधली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून पुन्हा चालू केली. सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत क्षितिजाशी सुमारे २३ अंशांचा कोन करते, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढाच. भिंतीच्या कडेने नजर वर नेली की ती ध्रुवाकडे जाते. कमानीवरच्या रेघांवर सावली पाहा. तिची कड धारदार नसते, पुसट असते, कारण सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. मग घड्याळ पाहा. यंत्रावर बारा वाजतात तेव्हा फोनवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ११ मिनिटं झालेली असतात, फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४१. सरासरी फरक २७ मिनिटांचा, तो रेखांशामुळे, कारण फोनवरची भारतीय प्रमाणवेळ उज्जैनच्या पूर्वेकडच्या रेखांशाची असते. उरलेला फरक पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे. शेजारच्या नाडीवलय यंत्राच्या, विषुववृत्ताला समांतर बसवलेल्या दोन तबकड्यांपैकी मार्च ते सप्टेंबर उत्तरेकडच्या तबकडीवर ऊन असतं, उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या. पुस्तकातला ऋतूंचा भाग वाचून तिथे जा, तासाभरात पक्कं होतं.

वर्णपटाचं, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचं आणि त्यातल्या काळ्या रेघांचं प्रकरण रटाळ वाटेल, पण टाळू नका. ताऱ्याचं तापमान, त्यात काय आहे, तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे सगळं त्या काळ्या रेघांवरूनच कळतं, आणि पुढची दीर्घिका-विश्वोत्पत्तीची प्रकरणं त्यावरच उभी आहेत.

करिअरचं विचाराल तर या कोर्सने ते होत नाही. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पण त्या वाटेला भौतिकशास्त्र-गणित लागतं.

दुर्बीण लगेच घेऊ नका. '५२५ पट मोठं दिसेल' असं खोक्यावर छापलेल्या खेळण्यांपासून तर लांबच राहा. १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या, कोपर कठड्यावर टेकवा. गुरूचे चंद्र दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो. शहरात राजवाड्याच्या आसपास आकाश म्हणजे नुसता पिवळट उजेड. ओळखीचं कुणी महूकडे असेल तर जानापावच्या बाजूला जा, एकट्याने नको. आणि सत्र जुलैत सुरू होत असेल तर निरीक्षणाचा गृहपाठ दिवाळीनंतर ठेवायची परवानगी आधीच मागून घ्या. तोवर ढगांपलीकडे काय चाललंय ते स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाहता येतं, तेही फुकट.