परसातल्या कृत्रिम पटिंग ग्रीनची निगा

पटिंग ग्रीन म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच ढकलून कपात, म्हणजे जमिनीतल्या खळग्यात, घालायची गुळगुळीत जागा. तिच्या कृत्रिम गवताला पाणी नको, कापणी नको. म्हणून त्याला काहीच नको असं धरून चाललं की दोन पावसाळ्यांत ग्रीनची नुसती चटई होते. चेंडू गवतावरून धावताना दिसतो, पण त्याचा वेग ठरवते तंतूंमधली वाळू. ती कुठे कमी झाली आणि कुठे दगडासारखी बसली, यावर सगळा खेळ आहे.

आधी आपलं गवत कुठलं ते बघा. १० ते १५ मिमी उंचीच्या कुरळ्या नायलॉनच्या गवतात वाळू अगदी थोडी असते किंवा नसतेच. २५ ते ३८ मिमी उंचीचं पॉलिप्रॉपिलीनचं गवत मात्र जवळजवळ शेंड्यापर्यंत वाळूनं भरलेलं असतं. पुढे दिलेलं वाळूचं काम मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचं.

वाळू मोजायला आगपेटीतली काडी पुरते. तंतू बोटानं बाजूला सारा, काडी वाळूला टेकवा आणि तंतूंच्या शेंड्यापाशी तिच्यावर नखानं खूण करा. खूण २-३ मिमीवर आली तर ठीक. ५ मिमीच्या वर गेली की तिथे चेंडू रखडणार. दहा-बारा ठिकाणी तपासा. सर्वात जास्त फरक कपाभोवती आणि आपण नेहमी उभे राहतो त्या जागी सापडेल.

भर घालायला धुतलेली, वाळवलेली, गोल दाण्याची सिलिका वाळूच घ्या, ०.३ ते ०.८ मिमीची. पाण्याच्या फिल्टरसाठी वाळू विकणाऱ्यांकडे ती ५० किलोच्या पोत्यात मिळते. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, तंतू कापते. नदीच्या वाळूत गाळ आणि तणाचं बी येतं. स्वस्त म्हणून ही दोन्ही टाकणारे बरेच, आणि पुढच्या पावसाळ्यात ती उपसणारेही तेच.

१. दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्यावरच काम काढा. ओलसर गवतात वाळू वरच चिकटून राहते.
२. ताठ नायलॉनच्या ब्रशनं तंतू उलट्या दिशेनं उभे करा. तारेचा ब्रश नको, तंतू फाटतात.
३. एका वेळी चौरस मीटरला अर्धा किलोपेक्षा जास्त वाळू टाकू नका. चाळणीतून पसरा.
४. आधी उभा, मग आडवा ब्रश फिरवा. वाळू दिसेनाशी झाली की पुढचा थर.
५. शेवटी ५०-७५ किलोचा रूळ दोन्ही दिशांनी फिरवा.

३०० चौरस फुटांच्या ग्रीनला वर्षाकाठी एक पोतं बहुधा पुरतं. एकदम सगळं ओतलं तर तंतू वाळूखाली दबतात आणि मग ते वर काढणं महाकठीण.

रूळ जितका जास्त, तितकी ग्रीन वेगवान. ब्रश जितका जास्त, तितकी संथ. दर वेळी एकाच दिशेनं ब्रश मारला तर तंतू त्या अंगाला झुकतात आणि सपाट जागेवरही चेंडू वळायला लागतो. महिन्यातून एकदा दिशा बदला.

वेग मोजायला स्टिम्पमीटर, म्हणजे चेंडू घरंगळत सोडायची खास पट्टी, विकत घ्यायची गरज नाही. सरळ, खोबणीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. खालच्या टोकापासून ७६ सेंमीवर खूण करून ती जागा २६ सेंमी उंचीवर टेकवा, म्हणजे साधारण २० अंशांचा उतार मिळतो. तिथून तीन चेंडू सोडा, मग त्याच वाटेनं उलट दिशेला तीन, आणि ते ग्रीनवर किती लांब गेले त्याची सरासरी काढा. जागा कमी असेल तर ३८ सेंमीवरून सोडून अंतर दुप्पट धरा. घरच्या पट्टीचा आकडा क्लबच्या आकड्याशी ताडू नका. आपल्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडा. दोन दिशांत मोठा फरक दिसला तर उतार आहे किंवा तंतू झुकलेत.

आता पावसाळा. १०८ मिमीच्या कपात पाणी साचलं की आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात, त्यात डेंगीचा एडिसही आला. कपाच्या तळाला भोकं आणि खाली निदान अर्धा फूट खडी हवी. खेळ बंद असेल तेव्हा झाकण लावा.

शेवाळ धरतं ते सावलीत आणि जिथे वाळूत बारीक धूळ साचली आहे तिथे. ते आधी सुकू द्या, ब्रशनं खरवडा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग फवारून अर्ध्या तासानं धुवा. नायलॉनवर ब्लीच वापरू नका, तंतू ठिसूळ होतात. प्रेशर वॉशर तर लांबच ठेवा. वाळू उडते, सांधे उकलतात. वर झुकलेली फांदी छाटली नाही तर शेवाळ परत येणारच.

पाणी साचतंय? तिथलीच वाळू ब्रशनं मोकळी करून बादलीभर पाणी ओता. निघून गेलं तर दोष धुळीचा. तरीही साचलं आणि जागा खोलगट दिसली तर खालचा थर खचलाय: कडेचे खिळे काढून गवत उचला, क्रशरची डस्ट (दगडाची भुकटी) भरा, पाणी मारून धुम्मसानं ठोका. घूस पोखरत असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर भर पुन्हा खचते. कोकणात खिळे गॅल्व्हनाइज्डच हवेत. साधे गंजून माथे सुटतात.

कडेनं हरळी शिरते, सांध्यातून लव्हाळा. (खऱ्या ग्रीनवर याच हरळीच्या निवडक जाती लाडानं वाढवतात, ही गंमत.) लव्हाळा नुसता उपटला तर गाठ आत राहते आणि तो पुन्हा फुटतो. कडेला खुरप्यानं गाठीसकट काढा. मधे असेल तर दर आठवड्याला बुडाशी कात्रीनं कापत राहा.

दिवाळीत फटाके लांब उडवा. ठिणगीनं पडलेलं छिद्र ब्रशनं बुजत नाही, तेवढा तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो. खिडकीच्या काचेवरून परावर्तित होणारं ऊनही तंतू वितळवतं, आणि तो चट्टा रोज ठराविक रेषेतच वाढतो. तसा दिसला तर ग्रीनला हात लावू नका, काचेला बाहेरून जाळी लावा.