दुबईच्या शाळेची ऑफर आली? आधी कागद बघा

जळगाव-धुळ्याहून दुबईला शिकवायला निघालात, तर राजीनाम्याआधी पदवी आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं हातात घ्या. साक्षांकनाचा (प्रमाणपत्रं खरी असल्याच्या सरकारी शिक्क्यांचा) क्रम असा: राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र खातं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची गाडी इथेच रुतते. पदवीवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडीला ठेवा.

करारात एकूण आकड्याला भुलू नका, मूळ पगार पाहा. वर्ष भरल्यावर लागू होणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, त्यावरच मोजतात: पहिली 5 वर्षं दरसाल 21 दिवसांचा पगार. भत्ते फुगवले की ती आक्रसते. शाळेत तुमच्या किती मुलांना फी-सवलत, हे लेखी घ्या. गावचं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या. शेतातल्या केळीचे पैसे त्यातच येतील.