मागच्या डिफरन्शिअलचा आवाज: खोलण्याआधी काय तपासाल

डिफरन्शिअल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा. आधी टायरची हवा आणि झीज पाहा. खडबडीत टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर टू-व्हीलमध्येच (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावली तर ट्रान्समिशन आवळतं आणि निदान चुकतं.

आता अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून आवाज ऐका. फक्त दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर शिट्टीसारखा सूर येत असेल, तर संशय क्राउन-पिनियनवर (डिफरन्शिअलमधली मुख्य गिअर-जोडी). दोन्ही वेळा घरघर येत असेल, तर बेअरिंगवर. वळणावर वजन एका बाजूला गेल्यावर आवाज बदलला तर बहुधा चाकाचं बेअरिंग. फक्त वळताना कटकट आली तर स्पायडर गिअर (डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर), किंवा लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारा डिफरन्शिअल) असेल तर चुकीचं ऑइल.

ठरावीक वेगालाच थरथर येते? मग डिफरन्शिअल नव्हे, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शिअलकडे जाणारा दांडा) तपासा. चाकांना अडण लावून शाफ्ट हातानं हलवा: युनिव्हर्सल जॉइंटमध्ये (शाफ्टच्या टोकांचे सांधे) जरासुद्धा ढिलेपणा नको. सस्पेन्शन उंच केलं असेल तर पिनियनचा कोन (शाफ्ट डिफरन्शिअलला जोडतो तिथला) मोजाच.

ऑइल काढताना वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचा) आधी उघडा. आधी ऑइल काढलं आणि तो गंजून अडकलेला निघाला, तर रिकामं हाउसिंग (डिफरन्शिअलचा डबा) घेऊन बसाल. प्लगच्या चुंबकावरची करडी पेस्ट (बारीक लोखंडी झीज) चालते. टोचणारे तुकडे निघाले तर गाडी चालवू नका.