हातचं काम ऑनलाइन विकायचंय? आधी वही काढा

घरी केलेल्या वस्तू ऑनलाइन विकायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "वेबसाइट कुठून करून घेऊ?" वेबसाइट नंतर, आधी हिशोबाची वही काढा. मी पुण्यात खणाचे पाऊच आणि तोरणं शिवते. किमतीत स्वतःची मजुरी धरली नाही, तर कितीही ऑर्डरी आल्या तरी हा धंदा टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

एक पाऊच घेऊ. खण 45 रुपये, अस्तर 15, चेन आणि रनर 10, दोरा-कॅनव्हास 5, पॅकिंग 15. झाले 90. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि दीडशेला विकून साठ सुटले म्हणतात. पण बेतण्यापासून इस्त्रीपर्यंत दीड तास गेला, तो कुणाच्या खात्यात? तासाला 100 धरले तरी 240 होतात. वाया गेलेलं कापड, परत आलेला माल यासाठी वर दहा टक्के, म्हणजे 264. हा पाऊच 280 च्या खाली देऊ नका. "तुळशीबागेत याच्या निम्म्यात मिळतो" असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना खुशाल तिथे घेऊ द्या. आतली शिलाई उलटवून बघणारं गिऱ्हाईक वेगळं असतं, आपण त्याच्यासाठी शिवतो.

कच्चा माल रविवार पेठेत घाऊक घ्या, पण सुरुवातीला तीन-चार रंगांवर भागवा. दहा रंगांचे तागे घेतले की भांडवल कपाटात अडकतं.

फोटो सकाळी खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली खणाची चमक मरते आणि राणी रंग लाल दिसतो. मग "फोटोतला रंग वेगळा होता" म्हणून वस्तू परत येते. एक फोटो हातात धरून काढा, आकार लगेच कळतो.

कुरिअरचं गणित नीट समजून घ्या. बहुतेक कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. पाव किलोचं तोरण 30 × 25 × 10 च्या खोक्यात घातलं की दीड किलोचे पैसे. तेच घडी घालून 4 सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसवलं तर 600 ग्रॅम. खोकी विकत घेण्याआधी पट्टी घेऊन बसा.

सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय पुरतं. पैसे आधी घ्या. घरपोच रोखीत पार्सल नाकारलं गेलं की जाण्यायेण्याचा भुर्दंड आपल्यालाच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ॲमेझॉनसारख्या मोठ्या विक्रीच्या पोर्टलवर फक्त महाराष्ट्रात विकणार असाल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्याऐवजी जीएसटीच्या साइटवरून फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याच पोर्टलवरून परराज्यात माल पाठवायचा झाला, तर मात्र जीएसटी नोंदणी हवीच. सीएला एकदा विचारून घ्या.

आणि तोरणांचं काम गणपतीपासूनच हातात घ्या. दिवाळीच्या तोंडावर कुरिअर तुंबतात, म्हणून पुण्याबाहेरच्या ऑर्डरींची शेवटची तारीख कॅटलॉगच्या पहिल्याच ओळीत लिहा. त्यानंतर कुणी कितीही गळ घातली तरी "पुण्यात असाल तर घरी येऊन घेऊन जा" एवढंच सांगा.