स्टेपर की सर्व्हो? हौशी सीएनसीसाठी मोटर निवडताना या चुका टाळा

घरी बांधलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आदेशानुसार कापणाऱ्या आणि कोरणाऱ्या यंत्रावर) कोरलेले वर्तुळ जेथून सुरू झाले तेथे येऊन मिळत नाही, किंवा चार तास चाललेल्या जॉबच्या शेवटी एक्स अक्ष दोन मिलिमीटर सरकलेला आढळतो, तेव्हा बहुतेकांच्या मनात येणारा पहिला विचार म्हणजे स्टेपर (ठरावीक लहान पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी मोटर) काढून सर्व्हो (स्वतःचे स्थान सतत मोजून चूक सुधारणारी मोटर) बसवावी. माझ्या मते या छंदातील सर्वांत महाग चूक हीच आहे. असे दोष बऱ्याचदा मोटरच्या प्रकारामुळे नव्हे, तर कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग), स्क्रूवरचा नट, वायरिंग किंवा सेटिंग यांमुळे निर्माण होतात आणि सर्व्हो आली तरी ते जागचे हलत नाहीत.

म्हणून आधी दोषाचे स्वरूप मोजून घ्यावे. टेबलाला डायल गेज टेकवून शून्य धरावे, अक्ष 100 मिलिमीटर पुढे नेऊन परत आणावा, असे पन्नास फेरे करावेत आणि काटा कोठे थांबतो ते पाहावे. काटा दर वेळी शून्यावर येत असेल, पण 100 मिलिमीटरऐवजी प्रत्यक्षात 99.6 मिलिमीटरच अंतर कापले जात असेल, तर कंट्रोलरमध्ये भरलेला प्रतिमिलिमीटर स्टेपचा आकडा चुकलेला आहे. दिशा बदलताना ठरावीक अंतर हरवते, पण फेऱ्यांगणिक ते वाढत नाही, हा बॅकलॅश, म्हणजे यांत्रिक ढिलाई, होय. त्यासाठी नट आणि बेअरिंग तपासावे. फेऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात एकाच दिशेने चूक साठत गेली, तर दिशेचा सिग्नल स्थिर होण्यापूर्वीच पल्स (एक स्टेप पुढे जाण्याचा विद्युत ठोका) पोहोचत असण्याची किंवा ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा भाग) पल्सची उलटी कड मोजत असण्याची शक्यता असते, आणि कंट्रोलरमधील एक सेटिंग बदलून हे प्रकरण फुकटात मिटते. अचानक, अनियमित आणि मोठी उडी दिसली, तर प्रथम कपलिंगचा ग्रब स्क्रू, म्हणजे दांडा आवळून धरणारा छोटा स्क्रू, तपासावा (मी स्वतः तो सर्वांत शेवटी तपासला आणि दोन रविवार वाया घालवले), नंतर स्पिंडल (कापणारे पाते फिरवणारी मोटर) बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवून विद्युत गोंगाटाची शंका दूर करावी. वेग आणि त्वरण निम्म्यावर आणताच उडी नाहीशी झाली, तरच टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमी पडतो आहे असे म्हणता येते. मोटर बदलण्याचा प्रश्न या टप्प्यावर उद्भवतो, त्याआधी नाही.

टॉर्क कमी पडतो म्हणून मोठी स्टेपर घेणे ही पुढची चूक. नेमा 23 हा आकडा मोटरच्या सुमारे 57 मिलिमीटर चौरस तोंडाचे माप सांगतो. तिच्या ताकदीशी त्याचा थेट संबंध नाही. जाहिरातीत छापलेला होल्डिंग टॉर्क मोटर थांबलेली असतानाचा असतो आणि वेग वाढतो तसा तो झपाट्याने घटतो, कारण कॉइलच्या इंडक्टन्समुळे (करंट बदलण्याला होणाऱ्या विरोधामुळे) प्रत्येक स्टेपला करंट चढायला वेळ पुरत नाही. येथे उपयोगी पडते ती व्होल्टेज. इंडक्टन्सच्या मिलिहेन्रीतील आकड्याचे वर्गमूळ घेऊन त्याला 32 ने गुणावे, म्हणजे व्होल्टेजची कमाल मर्यादा मिळते, असा एक रूढ ठोकताळा आहे. 4 मिलिहेन्रीच्या मोटरसाठी ती 64 व्होल्ट येते. अशा मोटरला 24 व्होल्टवर चालवून ती दुबळी आहे अशी तक्रार करणे अन्यायाचे ठरते. मात्र ड्रायव्हर 50 व्होल्टचा असेल, तर 36 ते 42 व्होल्टवरच थांबावे, कारण अक्ष वेगाने थांबताना मोटर ऊर्जा परत ढकलते.

आकडे मांडले की निवड बरीच सोपी होते. 16 मिलिमीटर व्यासाच्या आणि 5 मिलिमीटर लीडच्या (एका फेऱ्याला तेवढे अंतर सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूवर 1 न्यूटन-मीटर टॉर्क सुमारे 1,100 न्यूटन रेटा देतो, जो एमडीएफ, सागवान किंवा ॲल्युमिनियमच्या हलक्या कापासाठी भरपूर आहे. प्रतिमिनिट 3,000 मिलिमीटर वेगाला या स्क्रूचे मिनिटाला फक्त 600 फेरे लागतात. या पट्ट्यात योग्य व्होल्टेजवरची स्टेपर समाधानाने काम करते. 400 वॅटच्या सर्व्होचा नेहमीचा टॉर्क 1.27 न्यूटन-मीटर असतो, पण तो मिनिटाला 3,000 फेऱ्यांपर्यंत टिकतो आणि क्षणभर सुमारे तिप्पटही होतो. तिचा खरा लाभ लांब गॅन्ट्रीला (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाला), जलद हालचालींना आणि तासन्‌तास चालणाऱ्या कोरीवकामाला मिळतो. मिनिटाला 300 फेऱ्यांच्या आत फिरवायची असेल, तर ती पैसे मोजून घेतलेली निष्क्रियता आहे.

सर्व्हो घेतलीच, तर पल्सचा हिशेब विसरू नये. एका फेऱ्याला 10,000 पल्स मागणारी मोटर मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला पाच लाख पल्स मागते, आणि अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरचे जीआरबीएल हे सीएनसी सॉफ्टवेअर साधारण तीस हजारांवर दमते. ड्राइव्हमधील (सर्व्होच्या ड्रायव्हरमधील) इलेक्ट्रॉनिक गिअर, म्हणजे एका फेऱ्याला किती पल्स हे ठरवणारे सेटिंग, बदलावा किंवा कंट्रोलर तरी बदलावा. झेड अक्षावर ब्रेक असलेली मोटर घ्यावी. वीज जाताच बॉल स्क्रू उलटा फिरतो आणि स्पिंडल जॉबवर उतरतो. ड्राइव्ह थेट 230 व्होल्टवर चालणारा असेल, तर खरे अर्थिंग नसलेल्या घरात त्याला हात लावू नये.

क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे एन्कोडर (स्थान मोजणारा सेन्सर) जोडलेली स्टेपर, हा मधला मार्ग चांगला आहे, पण एन्कोडर बसवल्याने टॉर्कचा आलेख बदलत नाही, आणि तो एन्कोडर मोटरच्या दांड्याचे स्थान मोजतो, टेबलाचे नव्हे. सैल कपलिंग त्याला दिसतच नाही. शिवाय अनेक जण पल्स आणि दिशेच्या तारा जोडतात, ड्रायव्हर चूक कळवतो ती अलार्मची तार मात्र मोकळी सोडतात. मग एक्स अक्ष अडकला की त्याचा ड्रायव्हर इमानाने थांबतो, वाय आणि झेड पुढे चालत राहतात आणि जॉबवर सरळ चर पडतो. ही तार कंट्रोलरच्या फीड होल्ड (काम तात्पुरते थांबवणे) किंवा आपत्कालीन थांब्याच्या इनपुटला जोडावी, आणि पहिल्या कापापूर्वी मुद्दाम अलार्म आणून तिन्ही अक्ष एकदम थांबतात का ते पाहावे.