कौलाखालचं जिप्सम सीलिंग सडलंय? वर सुटा ग्लासवूल (उष्णता अडवायला घालतात तो काचेच्या तंतूंचा कापूस) असेल तर असं बदला

खानापूर, बेळगाव साइडला पाऊस कसला असतोय ते सांगायला नको, त्यामुळं आधी वरची फुटकी कौलं बदला नि गळती पूर्ण बंद झाली का बघा, नाहीतर नवीन बोर्ड पण फुगणारच.

मेन स्विच बंद. मास्क, गॉगल, फुल बाह्यांचा शर्ट घाला, ग्लासवूल अंगाला लागला की लई खाजतंय.

आता मेन गोष्ट, बोर्ड एकदम ओढून पाडू नका, वरचा सगळा ढीग डोक्यावर येईल, आणि भिजलेला असला तर वजन पण भरपूर. खाली ताडपत्री घाला, हात जाईल एवढं भोक पाडा आणि थोडा थोडा काढून पोत्यात भरा. ओला टाकून द्या, कोरडा परत चालतोय.

मग खराब भाग चौकोनी कापा, दोन्ही बाजूंना जीआय चॅनलच्या (बोर्ड ज्याला स्क्रूनं बसवतात ती लोखंडी पट्टी) मध्यापर्यंत, म्हणजे स्क्रूला आधार मिळतो. चॅनल गंजला असेल तर तोही बदला. नवीन बोर्ड 12.5 एमएमचा, शक्यतो हिरवा ओलावा सोसणारा घ्या, पैसे जास्त जातात पण आपल्याकडं तोच बरा. वरून जायला वाट नसेल तर ग्लासवूल आधी शेजारच्या बोर्डावर सरकवून ठेवा, बोर्ड एका बाजूनं टेकवा, ग्लासवूल पसरा, मग दुसरी बाजू उचलून 25 एमएम स्क्रूनं आवळा. धरायला दुसरा माणूस लागतोच.

जॉइंटला टेप, जॉइंट कंपाउंडचे (सांधा भरायची लुकण) दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू द्या. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतोय, घाईनं पेंट मारू नका.