योगायोग की देवाचा इशारा, ओळखायचं कसं?

आमच्या वसईत काही चांगलं जुळून आलं की लगेच म्हणतात, देवानेच घडवून आणलं. मलाही तसंच वाटतं, कारण देव माणसांतून आणि साध्या घटनांतूनही आपली काळजी घेतो ही चर्चची शिकवणच आहे. पण प्रत्येक योगायोगात आपल्यासाठी निरोप असतोच असं नाही, म्हणून घाई करू नका.

माझंच सांगते. विहिरीच्या पंपावरून भावाशी दोन वर्षं अबोला होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकला म्हणून संध्याकाळी दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेले, तर बायबलचं वाचन आलं मत्तय ५, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, आणि दोन बाकं पुढे तोच बसलेला, मानेवर ओला टॉवेल तसाच. अंगावर काटाच आला! तरी त्या रात्री फोन नाही केला.

का, तर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची आठवण झाली. १५२१ मध्ये आजच्या स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, त्या घरात नव्हत्याच, मिळालं येशूचं आणि संतांचं चरित्र. पण त्यांनी नीट पाहिलं ते हे की पराक्रमाच्या विचारांनी आधी मजा यायची, नंतर मन कोरडं पडायचं, आणि संतांसारखं जगायच्या विचारांचा आनंद मात्र टिकायचा.

तेच करायचं. रात्री दहा-पंधरा मिनिटं शांत बसा, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा, आभार माना, मग दिवस सकाळपासून आठवा आणि त्या घटनेने मन कुठे ओढलं जातंय ते बघा. प्रेमाकडे, क्षमेकडे ओढत असेल आणि दोन-चार दिवसांनीही शांती टिकली तर मनावर घ्या. दहा आज्ञांच्या विरुद्ध नेत असेल तर तो देवाचा इशारा नाहीच, कितीही जुळून आलेलं असो. लग्न, नोकरी, जमीन अशा मोठ्या गोष्टीत फादरांशी किंवा जाणत्या सिस्टरशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका.

आणि "आज अमुक दिसलं तर हो समजेन" अशा अटी देवाला घालू नका प्लीज, शकुन आणि भविष्य बघणं चर्चला मान्य नाही.

मी चौथ्या दिवशी वाडीतली केळी घेऊन त्याच्याकडे गेले, पंपाचा विषय वहिनीने चहा ठेवल्यावरच निघाला.